दुर्बिणीच्या दुरुस्तीला निघालेले सात जण

१९९१ साली अमेरिकेत 'नेकेड गन' या विनोदी मालिकेतला दुसरा चित्रपट आला. त्यातल्या एका प्रसंगात भिंतीवर जगप्रसिद्ध फजित्यांच्या तसबिरी टांगलेल्या दिसतात. बुडालेलं 'टायटॅनिक', आकाशात पेटलेलं 'हिंडेनबर्ग' आणि त्यांच्याच पंक्तीला हबल अवकाश दुर्बीण. जिची छायाचित्रं आज शाळेच्या पुस्तकांपासून कॅलेंडरांपर्यंत सगळीकडे दिसतात, त्या दुर्बिणीची तेव्हा अशी शोभा झाली होती.

तिला त्या पंक्तीतून उठवलं ते डिसेंबर १९९३ मधल्या एका मोहिमेनं. 'एन्डेव्हर' हे स्पेस शटल सात अंतराळवीरांना घेऊन वर गेलं. त्यांनी चालती दुर्बीण अवकाशातच पकडली, पाच रात्री बाहेर पडून तिचे भाग बदलले आणि तिला परत तिच्या कक्षेत सोडलं. नासाच्या नोंदीत या मोहिमेचं नाव आहे 'एसटीएस-६१'. तीस वर्षांत शटलची १३५ उड्डाणं झाली. शटल नेमकं कशासाठी बनवलं होतं, याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर या एका उड्डाणात सापडतं.

दोन मायक्रॉनचा फटका

जमिनीवरून पाहताना तारे लुकलुकतात, कारण त्यांचा प्रकाश हलत्या हवेतून येतो. कवींना ते आवडतं, खगोलशास्त्रज्ञांच्या मात्र ते मुळावर येतं. दुर्बीण कितीही मोठी केली तरी वरची हवा प्रतिमा पुसट करतेच. म्हणून दुर्बीणच हवेच्या वर न्यावी, हा विचार अमेरिकन शास्त्रज्ञ लायमन स्पिट्झर यांनी १९४६ सालीच मांडला होता. प्रत्यक्ष पैसे मंजूर व्हायला १९७७ उजाडलं.

दुर्बिणीचा जीव म्हणजे २.४ मीटर व्यासाचा मुख्य आरसा. तो घासण्याचं काम कनेक्टिकट राज्यातल्या डॅनबरी इथल्या पर्किन-एल्मर कंपनीकडे गेलं. आरशाची घडण तपासायला तिथल्या लोकांनी एक प्रकाशीय उपकरण बनवलं होतं. त्यात दोन छोटे आरसे आणि एक भिंग ठरावीक अंतरावर बसवायचे होते. हे अंतर मोजण्यासाठी धातूची एक दांडी होती. दांडीच्या टोकावर टोपी, टोपीला मध्यभागी छिद्र आणि बाकी पृष्ठभागावर प्रकाश परतू नये म्हणून काळा रंग. लेझरचा किरण छिद्रातून जाऊन दांडीच्या टोकावरून परतायचा, अशी योजना. पण टोपीवरचा रंग एका जागी उडाला होता. किरण दांडीऐवजी टोपीवरूनच परतला आणि भिंग आपल्या जागेपासून १.३ मिलिमीटर सरकलेलं बसलं. ते हव्या त्या जागी येईना, तेव्हा वॉशर घालून काम भागवलं गेलं.

पुढचं सगळं काम मात्र अतिशय निगुतीनं झालं. चुकीच्या मापाशी आरसा इतका तंतोतंत जुळवला गेला, की जगातल्या सर्वांत नेमकेपणानं घासलेल्या आरशांत त्याची गणना व्हावी. फक्त त्याच्या कडा हव्या होत्या त्यापेक्षा सुमारे दोन मायक्रॉन जास्त सपाट झाल्या. माणसाच्या केसाची जाडी घ्या आणि तिचे पन्नास भाग करा, त्यातला हा एक भाग. दुसऱ्या दोन चाचण्यांनी 'काहीतरी गडबड आहे' असं सांगितलंही होतं. पण त्या चाचण्यांची उपकरणं कमी अचूक, म्हणून त्यांचं म्हणणं बाजूला सारलं गेलं. खर्च फार होईल म्हणून पूर्ण जोडलेल्या दुर्बिणीची एकत्र चाचणी कोणी घेतली नाही. कोडॅक कंपनीनं राखीव म्हणून दुसरा आरसा घासून ठेवला होता, तो निर्दोष होता. तो जमिनीवरच राहिला.

दुर्बीण १९८६ मध्ये उडायची होती. त्याच वर्षी २८ जानेवारीला 'चॅलेंजर' शटल उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं, सात जण गेले आणि सगळी उड्डाणं थांबली. अखेर २४ एप्रिल १९९० रोजी 'डिस्कव्हरी' शटलनं हबलला वर नेलं. मे महिन्यात पहिली छायाचित्रं आली, तेव्हा नासाच्या लोकांनी आनंद साजरा केला. जूनमध्ये त्यांच्या लक्षात आलं, की दुर्बिणीचा फोकस कसाही फिरवला तरी तारा एका ठिपक्यात गोळा होतच नाही. त्याच्याभोवती धूसर वलय उरतंच. ताऱ्याचा सत्तर टक्के प्रकाश मधल्या छोट्याशा ठिपक्यात यायला हवा होता, प्रत्यक्षात जेमतेम पंधरा टक्के येत होता. २७ जूनला नासाला ही गोष्ट जाहीर करावी लागली. दीड अब्ज डॉलर खर्चून अवकाशात पाठवलेल्या दुर्बिणीला नीट दिसत नव्हतं.

मग वर्तमानपत्रांनी आणि विनोदी कार्यक्रमांनी जे करायचं ते केलं. मेरीलँडच्या सिनेटर बार्बरा मिकुल्स्की नासाच्या पाठीराख्या होत्या, त्यांचाही संताप झाला. दुष्काळात तेरावा महिना म्हणावा तसे दुर्बिणीला वीज पुरवणारे सौर पंखेही त्रास देऊ लागले. तेव्हा दर ९७ मिनिटांनी दुर्बीण पृथ्वीभोवती एक फेरी मारत असे. प्रत्येक फेरीत ती सावलीतून उन्हात आणि उन्हातून सावलीत जाई. या तापण्या-निवण्यानं पंख्यांच्या काठ्या आकुंचन-प्रसरण पावत आणि सगळी दुर्बीण थरथरे. दिशा सांभाळणारे जायरो एकेक करून बंद पडत होते. सहापैकी तीन गेले होते आणि कामाला किमान तीन लागत.

दुरुस्तीची सोय आधीच होती

इथे हबलच्या रचनाकारांचा एक जुना निर्णय कामी आला. तहान लागल्यावर विहीर खणायची पाळी त्यांनी ठेवली नव्हती. दुर्बीण शटलच्या मालकक्षात मावेल अशा बेतानं बांधली होती. लांबी १३ मीटर, वजन सुमारे ११ टन. तिच्या अंगावर माणसाला धरायला पिवळे कठडे होते. पाय अडकवायला खोबण्या होत्या. आतली उपकरणं खणांसारखी ओढून काढता येत. त्यांच्या दारांना आणि खोक्यांना लावलेले बोल्ट शक्यतो एकाच मापाचे होते, ७/१६ इंचाचे. जाड हातमोजे घातलेल्या माणसाला दहा प्रकारचे पाने हाताळता येणार नाहीत, याचा विचार कागदावरच झाला होता. बिघडलेला उपग्रह पकडून अवकाशातच दुरुस्त करता येतो, हे १९८४ मध्ये 'सोलर मॅक्स' या उपग्रहाच्या बाबतीत शटलच्या अंतराळवीरांनी करून दाखवलंही होतं.

पण आरसा बदलायचा कसा? तो दुर्बिणीच्या पोटात खोल बसवलेला. तिथे पोहोचायचं तर अख्खी दुर्बीण मोडून पुन्हा जोडावी लागली असती. ती जमिनीवर आणायची तर परत पाठवायला आणखी किती वर्षं लागली असती कोण जाणे. शास्त्रज्ञांच्या बाजूनं एकच गोष्ट होती. आरशातला दोष नेमका होता, गणितात बसणारा होता. एक बाजू खाली आणि दुसरी वर असा वेडावाकडा दोष असता तर काही इलाज नव्हता. आरसा कुठे किती चुकला आहे हे कळलं, तेव्हा बरोबर त्याच्या उलट चुकलेली भिंगं किंवा आरसे वाटेत बसवले की दोन चुका एकमेकींना खोडणार होत्या. थोडक्यात, हबलला चष्मा लावायचा होता.

मुख्य कॅमेऱ्याच्या बाबतीत हे सोपं होतं. त्याचा दुसरा अवतार कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत आधीपासून बनतच होता. त्याच्या आतल्या छोट्या आरशांचा आकार बदलला की झालं. घोडं अडत होतं ते आणखी तीन उपकरणांपाशी. त्यांच्यापुढे आरसे नेऊन धरायचे कसे, हा प्रश्न जिम क्रॉकर या अभियंत्यानं सोडवला, आणि तोही जर्मनीतल्या एका हॉटेलच्या न्हाणीघरात. तिथला शॉवर एका उभ्या दांडीवर बसवलेला होता, हवा तसा वरखाली सरकणारा आणि वळणारा. क्रॉकरला वाटलं, छोटे आरसेही अशाच सरकणाऱ्या हातांवर बसवले तर? एका बंद खोक्यात घडी घालून वर न्यायचे आणि दुर्बिणीत बसल्यावर मोटरनं बाहेर काढून बरोबर प्रकाशाच्या वाटेत आणायचे.

त्यातून 'कॉस्टार' नावाचं उपकरण जन्माला आलं. वजन २९० किलोच्या आसपास, पण त्याचा खरा ऐवज म्हणजे नाण्याएवढे दहा आरसे. त्याला जागा करून देण्यासाठी हबलमधलं एक चांगलं चालणारं उपकरण, प्रकाशाची तीव्रता मोजणारा वेगवान फोटोमीटर, काढून टाकायचं ठरलं. तीन उपकरणं वाचवण्यासाठी चौथ्याचा बळी.

पाण्याखालची तालीम

निवडलेले सातही जण अवकाशात जाऊन आलेले होते. ही खबरदारी मुद्दाम घेतली होती. कमांडर रिचर्ड कोव्ही, 'चॅलेंजर'च्या अपघातानंतरच्या पहिल्या उड्डाणाचे वैमानिक. या वेळी वैमानिक होते केनेथ बावरसॉक्स. यानाचा यांत्रिक बाहू चालवणारे क्लॉड निकोलिए हे स्वित्झर्लंडचे, शिक्षणानं खगोलशास्त्रज्ञ आणि स्विस हवाई दलातले वैमानिक. बाहेर पडून काम करणारे चौघे. त्यांचे म्होरके स्टोरी मसग्रेव्ह, वय ५८, पेशानं शल्यविशारद. १९८३ मध्ये शटलमधून पहिल्यांदा बाहेर पाऊल टाकणाऱ्या दोघांपैकी ते एक. त्यांचे जोडीदार जेफ्री हॉफमन खगोलभौतिकीतले. दुसरी जोडी कॅथरिन थॉर्नटन आणि टॉम एकर्स यांची. थॉर्नटन पदार्थविज्ञानातल्या डॉक्टर, तर एकर्स एके काळी मिसुरी राज्यातल्या एका शाळेचे मुख्याध्यापक.

तालीम चालली ती पाण्याच्या प्रचंड टाक्यांत. अलाबामातल्या हंट्सव्हिल इथल्या बारा मीटर खोल टाकीत हबलची पूर्ण आकाराची प्रतिकृती बुडवलेली होती. पोशाखात वजनं घालून माणूस तरंगणार नाही आणि बुडणारही नाही अशा अवस्थेत ठेवतात. मग तो एकेक बोल्ट, एकेक खण, एकेक दार पुन:पुन्हा उघडतो आणि लावतो. चौघांनी असे शेकडो तास पाण्याखाली काढले. पाणी आणि पोकळी यांत फरक मात्र आहे. पाण्यात हलणारी वस्तू पाणीच थांबवतं. अवकाशात पाव टनाचं खोकं एकदा हललं की हलतच राहतं, थांबवायचं ते आपल्याच मनगटांनी.

मनगटं आणि बोटं हीच खरी मेख असते. अवकाशपोशाखात शुद्ध ऑक्सिजन भरलेला असतो, त्याचा दाब पृथ्वीवरच्या हवेच्या जवळपास एक तृतीयांश. बाहेर दाब शून्य. त्यामुळे हातमोजा फुगून ताठ होतो, आणि प्रत्येक वेळी मूठ वळायची म्हणजे तो फुगा दाबायचा. सात तास हे केल्यावर बोटांची काय गत होत असेल? थंडी वेगळीच. उड्डाणाच्या काही महिने आधी ह्यूस्टनमधल्या निर्वात कोठीत अवजारांची चाचणी घेताना मसग्रेव्ह यांच्या बोटांना हिमदंश झाला. ते बरे झाले आणि मोहिमेत टिकले.

यानाच्या दारातून थेट बाहेरही पडता येत नाही. पोशाखातला दाब एकदम कमी झाला तर रक्तातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि सांधे जखडतात. खोल समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्यांनाही हाच धोका असतो. म्हणून आदल्या दिवसापासून यानातला हवेचा दाब कमी करत आणायचा आणि बाहेर पडण्यापूर्वी शुद्ध ऑक्सिजनवर श्वास घेत बसायचं, हा नियम.

पाच रात्री

२ डिसेंबर १९९३, फ्लोरिडात पहाटेचे ४ वाजून २७ मिनिटं. आदल्या दिवशी हवामानानं खोळंबा केला होता. या वेळी 'एन्डेव्हर' सुटलं आणि साडेआठ मिनिटांत कक्षेत पोहोचलं. दुर्बीण होती सुमारे ५९० किलोमीटर उंचीवर. शटलच्या मानानं हे फार वरचं. दोन दिवस एकेक इंजिन बेतानं पेटवत कोव्ही यानाला दुर्बिणीजवळ नेत होते. दोघांचाही वेग ताशी २७ हजार किलोमीटरच्या वर, पण एकमेकांच्या तुलनेत ते जवळजवळ स्थिर. निकोलिए यांनी १५ मीटर लांबीचा कॅनेडियन बनावटीचा बाहू पुढे केला, हबलला धरलं आणि मालकक्षातल्या फिरत्या चौथऱ्यावर उभं केलं.

पहिल्या रात्री मसग्रेव्ह आणि हॉफमन बाहेर पडले. काम जायरो बदलण्याचं. ते सुरळीत झालं आणि मग दारं लागेनात. जायरोच्या कप्प्याला दोन मोठी दारं, ती जुळवून कड्या घालायच्या. वरची बाजू जुळली की खालची उघडी राही, खालची दाबली की वरची फाके. धातू तापमानानं किंचित वाकला असावा. ही दारं लागली नाहीत तर आतल्या नाजूक भागांवर नको तो प्रकाश आणि नको ती उष्णता येणार, म्हणजे दुर्बीण गेल्यातच जमा. हॉफमन बाहूच्या टोकावर उभे राहून वरच्या कड्यांशी झगडत होते. मसग्रेव्ह खाली. त्यांना आणखी दोन हात हवे होते. सामान आवळून बांधण्यासाठी नेलेला दातेरी चाकाचा पट्टा त्यांनी दोन्ही दारांच्या कठड्यांत अडकवला आणि हळूहळू आवळायला घेतला. ताण जास्त झाला तर दारच मोडायचं, म्हणून ह्यूस्टनमधल्या नियंत्रण केंद्रातले अभियंते धास्तावले होते. पट्टा आवळत गेला, दारं जवळ आली, कड्या बसल्या. आत परतेपर्यंत ७ तास ५४ मिनिटं झाली होती.

दुसऱ्या रात्री थॉर्नटन आणि एकर्स यांच्याकडे सौर पंखे. त्यांतल्या एकाची काठी वाकलेली होती, त्यामुळे तो गुंडाळून परत आणता येईना. मग तो फेकूनच द्यायचं ठरलं. थॉर्नटन बाहूच्या टोकावर, हातात दीडशे किलोहून जड पंखा, खाली अंधारातली पृथ्वी. दिसावं म्हणून सूर्योदयापर्यंत त्या तो धरून थांबल्या. उजाडल्यावर हुकूम आला आणि त्यांनी फक्त बोटं सोडली. ढकलायचं अजिबात नव्हतं. पंखा जागच्या जागी तरंगत राहिला. मग कोव्हींनी यान मागे घेण्यासाठी छोटी इंजिनं पेटवली, त्यांच्या वाफाऱ्यानं पंखा फडफडला आणि दूर गेला. आत बसलेले सगळे खिडकीला नाक लावून ते दृश्य पाहत होते.

तिसरी रात्र नव्या कॅमेऱ्याची. जुना पावणेतीनशे किलोचा कॅमेरा मसग्रेव्ह आणि हॉफमन यांनी बाहेर ओढला आणि नवा आत सरकवला. नव्याच्या पुढच्या टोकाला एक छोटा आरसा उघडा असतो. त्याला हातमोजाही लागून चालणार नव्हता, कारण एक डाग पडला की कॅमेरा वाया. हॉफमन कॅमेरा स्थिर धरून उभे राहिले आणि मसग्रेव्ह यांनी आरशावरचं झाकण अलगद उचललं. याच रात्री दुर्बिणीच्या टोकाला दोन नवे चुंबकमापी बसवताना जुन्यांची आवरणं सुटत आलेली दिसली. बावरसॉक्स आणि निकोलिए यांनी यानातल्या शिल्लक उष्णतारोधक कापडातून नवी आवरणं कापून शिवली. शेवटच्या रात्री ती बसवली गेली.

चौथ्या रात्री थॉर्नटन आणि एकर्स यांनी फोटोमीटर काढून त्याच्या जागी कॉस्टार बसवलं. ते सरळ आत गेलं. संगणकाला एक जास्तीचा प्रोसेसरही जोडून झाला. पाचव्या रात्री एक नवा सौर पंखा उघडायला तयार होईना, तेव्हा त्याची यंत्रणा हातानं फिरवून तो उघडला गेला. पाच रात्रींचे मिळून बाहेर काढलेले तास भरले ३५ तास २८ मिनिटं. १० डिसेंबरला हबलला पुन्हा तिच्या वाटेनं सोडलं आणि १३ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर 'एन्डेव्हर' फ्लोरिडात उतरलं.

चष्म्याचा नंबर बरोबर होता का, हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हतं. बाल्टिमोरमधल्या अवकाश दुर्बीण संस्थेत १८ डिसेंबरच्या रात्री एक वाजता पहिलं चित्र पडद्यावर उमटलं. एक तारा. ठिपक्यासारखा, वलयाशिवाय. जमलेल्यांनी एकच जल्लोष केला. १३ जानेवारी १९९४ रोजी सिनेटर मिकुल्स्की यांनी पत्रकारांपुढे आधीचं आणि नंतरचं चित्र धरून हबलचं दुखणं संपल्याचं जाहीर केलं.

त्या एका वर्षातच पैसे वसूल होऊ लागले. 'एम १००' ही पाच कोटी प्रकाशवर्षांहून दूरची सर्पिल दीर्घिका आधी धुरकट भोवरा दिसायची. आता तिच्यातले एकेक तारे सुटे दिसू लागले. त्यांतल्या ठरावीक लयीत प्रकाश कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांवरून तिचं अंतर मोजता आलं आणि त्या अंतरावरून विश्व किती वेगानं फुगतंय याचा हिशेब. मे १९९४ मध्ये 'एम ८७' दीर्घिकेच्या मध्याशी प्रचंड कृष्णविवर असल्याचा भक्कम पुरावा मिळाला. जुलैमध्ये शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले, तेव्हा त्यांचे डाग हबलनं टिपले. १९९५ च्या डिसेंबरात सप्तर्षींच्या भागातल्या रिकाम्या वाटणाऱ्या एका चिमुकल्या तुकड्याकडे ती दहा दिवस पाहत राहिली आणि तिथे सुमारे तीन हजार दीर्घिका निघाल्या.

पुन्हा पुन्हा तीच वाट

१९९३ ची फेरी ही सुरुवात होती. फेब्रुवारी १९९७, डिसेंबर १९९९ आणि मार्च २००२ मध्ये शटल परत हबलकडे गेलं. दर वेळी जुनी उपकरणं निघाली, नवी बसली. १९९९ च्या नोव्हेंबरात तर सहापैकी चार जायरो बंद पडून दुर्बीण झोपून गेली होती, तिला पुढच्याच महिन्यात जागं केलं. २००२ ची फेरी 'कोलंबिया'ची. पुढच्याच उड्डाणात, १ फेब्रुवारी २००३ रोजी, परतीच्या वाटेवर ते यान वातावरणात भंगलं आणि कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सात जण दगावले.

त्या अपघातानंतर नासाचे प्रमुख शॉन ओकीफ यांनी जानेवारी २००४ मध्ये हबलची ठरलेली दुरुस्ती रद्द केली. त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. अवकाश स्थानकाकडे जाणाऱ्या शटलला काही बिघाड झाला तर अंतराळवीर स्थानकातच आसरा घेऊ शकतात. हबलची कक्षा वेगळी, तिथून स्थानकापर्यंत पोहोचण्याइतकं इंधन शटलपाशी नसतं. म्हणजे वर अडकलं तर अडकलंच. शास्त्रज्ञ, सिनेटर आणि सामान्य लोक या निर्णयाविरुद्ध उठले. ओकीफ यांच्यानंतर आलेल्या मायकेल ग्रिफिन यांनी २००६ मध्ये तो फिरवला, पण एका अटीवर. मे २००९ मध्ये 'अटलांटिस' हबलकडे झेपावलं, तेव्हा 'एन्डेव्हर' दुसऱ्या तळावर उभं होतं, गरज पडली तर सात जणांना सोडवून आणण्यासाठी.

या शेवटच्या फेरीत सगळ्यांत अवघड काम होतं जुन्या वर्णपटमापीची दुरुस्ती. त्याची वीजव्यवस्था २००४ मध्ये जळाली होती. हे उपकरण अवकाशात उघडायचं म्हणून बनवलेलंच नव्हतं. त्याच्या झाकणाला १११ छोटे स्क्रू होते. एक जरी स्क्रू सुटून दुर्बिणीच्या आत तरंगत गेला तर अनर्थ. म्हणून स्क्रू निघताच जागीच अडकतील अशी एक पारदर्शक पाटी खास बनवली होती. आणि अंतराळवीर माइक मॅसिमिनो अडले ते पाटी लावण्याच्याही आधी, वाटेत येणाऱ्या एका कठड्यापाशी. त्याच्या चार स्क्रूंपैकी एकाचं तोंड गुळगुळीत झालं, पाना लागेना. मेरीलँडमधल्या गोडार्ड केंद्रात अभियंत्यांनी तशाच कठड्याला ताण देऊन पाहिला आणि साठेक पौंड जोर लावला तर तो मोडेल असं वर कळवलं. मॅसिमिनोंनी कठडा धरला, ओढला, तो मोडून हातात आला. त्यानंतर त्यांनी एकेक करत सगळे स्क्रू काढले आणि वर्णपटमापी चालू झालं.

त्याच फेरीत कॉस्टारही निघालं. तोवर हबलमधल्या सगळ्या नव्या उपकरणांत आरशाच्या चुकीची भरपाई आतूनच केलेली होती, वेगळ्या चष्म्याची गरज उरली नव्हती. कॉस्टार आता वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई आणि अवकाश संग्रहालयात आहे.

शटलचा हिशेब

शटलचं कौतुक करताना हिशेबही मांडायला हवा. सत्तरच्या दशकात लोकांना सांगितलं गेलं होतं, की हे यान वर्षाला पन्नास-पन्नास फेऱ्या मारेल आणि अवकाशप्रवास स्वस्त होईल. प्रत्यक्षात एका वर्षात जास्तीत जास्त नऊ उड्डाणं झाली, तीही १९८५ मध्ये. स्वस्त तर ते कधीच झालं नाही. दोन यानं आणि चौदा माणसं गेली. हबलच्या एका फेरीच्या पैशांत दुसरी दुर्बीण का बांधली नाही, असं विचारणारे शास्त्रज्ञही होते आणि त्यांचा प्रश्न वाजवी होता.

तरी एक गोष्ट उरते. माणसं, मालकक्ष आणि यांत्रिक बाहू हे तिन्ही एकाच यानात होते, म्हणून हबल वाचली. वाकलेलं दार पट्ट्यानं आवळायचं की नाही, मोडका कठडा ओढायचा की सोडायचा, हे निर्णय तिथे हात लावून उभ्या असलेल्या माणसांनी घेतले. आणि त्यांना हात लावायला जागा होती, कारण दुर्बीण दुरुस्त होईल अशीच बांधलेली होती. शटलच्या बाकीच्या कामांपैकी बरीचशी साध्या रॉकेटांनी केली असती. हे काम दुसऱ्या कोणालाच जमलं नसतं.

२१ जुलै २०११ रोजी 'अटलांटिस' शेवटचं उतरलं आणि शटल निवृत्त झालं. २०२१ मध्ये निघालेली जेम्स वेब दुर्बीण पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे, माणसानं तिथे जाऊन दुरुस्ती करावी अशी तिची योजनाच नाही. हबल अजून काम करते. जून २०२४ पासून ती एकाच जायरोच्या आधारानं चालवली जाते, दुसरा राखीव ठेवला आहे. वातावरणाच्या विरळ घर्षणानं तिची उंची हळूहळू घटते आहे. खासगी यानानं जाऊन तिला वर ढकलण्याचा प्रस्ताव आला होता, जून २०२४ मध्येच नासानं धोका जास्त म्हणून तो तूर्त बाजूला ठेवला. हबलला बाहूनं धरून आपल्या मालकक्षात उभी करेल आणि तिच्यापाशी दुरुस्तीला माणसं उतरवेल, असं यान आज जगातल्या कोणत्याही देशाकडे नाही.